लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी : कॅलिफोर्निया की फ्लोरिडा?

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना आपलं नाव-पत्ता पोलिसांकडे नोंदवावा लागतो आणि त्या यादीतली बरीच नावं लोकांनाही पाहता येतात. कॅलिफोर्नियात ही नोंदणी १९४७ पासून आहे. पूर्वी एकदा नाव चढलं की ते जन्मभर राहायचं. १ जानेवारी २०२१ पासून प्रौढ गुन्हेगारांचे तीन स्तर झाले : किमान १० वर्षं, किमान २० वर्षं आणि आजन्म. पण मुदत संपली म्हणून नाव आपोआप निघत नाही, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. वाढदिवसाच्या आसपास दरवर्षी पोलिसांकडे हजेरी असतेच.

फ्लोरिडात नोंदणी बहुतेकांना आजन्म. हजेरी वर्षातून दोनदा, काहींना चारदा, आणि घर बदललं तर ४८ तासांत कळवायचं. मला कॅलिफोर्नियाची पद्धत जास्त पटते. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, तर यादी नुसतीच फुगते आणि खरा धोका कुणाचा हे घर शोधणाऱ्या आईबापांना कळत नाही.