‘लाकूड हलतेच’ या एका वाक्याआड झालेली फसवणूक

स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओकच्या भरीव लाकडाच्या फळ्या बसवून सात महिने झाले होते. सिंकच्या कडेने काळे वलय उमटले होते आणि काटकोनी ओट्याच्या कोपऱ्यातला सांधा आतल्या बाजूने इतका उघडला होता की पेन्सिलचे टोक त्यात सहज जाई. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने पाहायलाही न येता उत्तर दिले, “लाकूड आहे, हलतेच.” हलते म्हणजे ओलाव्याप्रमाणे फुगते-आक्रसते; हे वाक्य खरे असल्यामुळे मी पुढचे दोन महिने गप्प बसले. सिंक काढून फळी खालून पाहिली, तेव्हा त्या खऱ्या वाक्याच्या आड काय काय दडवले होते ते कळले.

खरेदीच्या वेळी मला दाखवलेल्या नमुन्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाणाऱ्या पट्ट्या होत्या, त्याच्या दोन्ही बाजू तेलाने तुकतुकीत होत्या, आणि लाकूड भट्टीत पुरेसे वाळवलेले असल्याचे तोंडी सांगण्यात आले. पावतीवर मात्र ‘ओक, तेल लावलेले’ एवढेच लिहिले होते, आणि ते मी न बोलता स्वीकारले. प्रत्यक्षात आलेल्या फळ्यांत वीतभर लांबीचे तुकडे बोटांसारख्या दात्यांनी एकमेकांत अडकवून चिकटवलेले होते. अशा फळ्या मुळातच वाईट असतात असे नाही, त्या टिकतातही. पण त्या सलग पट्ट्यांच्या फळ्यांपेक्षा स्वस्त असतात आणि मी त्यांच्यासाठी पैसे मोजले नव्हते. विचारल्यावर “माल तोच आहे” असे सांगून त्याच दिवशी काम सुरू करण्यात आले. फळ्या खोलीच्या हवेत काही दिवस ठेवण्याची सवडच मिळू नये, अशी ती घाई होती, असे मला आज वाटते.

माझ्या हाती एकच पुरावा उरला होता. बसवण्यापूर्वी मी टेपने फळ्यांची मापे घेऊन वहीत लिहून ठेवली होती: रुंदी ६२० मिलिमीटर. नऊ महिन्यांनी तीच रुंदी ६१४ भरली, लांबी मात्र जशीच्या तशी होती. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, जवळजवळ आक्रसत नाही. जे काही फुगते-आक्रसते ते रुंदीत. ६०० मिलिमीटरच्या आसपास रुंद असलेल्या ओकच्या फळीतील ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर ती साधारण पाच ते आठ मिलिमीटर आक्रसू शकते. घरात वापरायच्या लाकडात ओलावा ८ ते १२ टक्के असावा लागतो. माझ्या फळ्या त्याहून ओल्या आल्या होत्या, आणि प्लास्टिकच्या वेष्टनामुळे तो ओलावा बसवण्याच्या दिवसापर्यंत आतच राहिला होता.

आता सांध्याविषयी. कारागिराने दोन्ही फळ्या ४५ अंशांत तिरक्या कापून कोपरा जुळवला. पहिल्या दिवशी तो सांधा इतका देखणा दिसत होता की मी त्याचे मनापासून कौतुक केले. परंतु फळी रुंदीत आक्रसते आणि लांबीत नाही, त्यामुळे तिरक्या कापाचा कोन ४५ अंशांचा राहतच नाही. दोन्ही फळ्या बाहेरच्या टोकाला टेकून राहतात आणि आतल्या कोपऱ्यात फट पडते. भरीव लाकडात एका फळीचे सरळ कापलेले टोक दुसरीच्या लांब कडेला टेकवून सांधा करतात, खालून बोल्टने आवळतात आणि तो सांधा सिंकपासून दूर ठेवतात. शिवाय माझ्या फळ्या खालच्या कपाटांना गोल भोकांतून स्क्रूने घट्ट आवळलेल्या होत्या. तेथे लांबट खाचा असलेल्या पट्ट्या लावल्या असत्या, तर लाकडाला सरकायला वाट मिळाली असती. ती न मिळाल्याने एका स्क्रूपासून रेषांच्या दिशेने वीतभर चीर गेली.

सर्वांत अधिक राग मला खालची बाजू पाहून आला. तिला तेलाचा एकही हात लागलेला नव्हता. सिंकसाठी कापलेल्या भोकाची कड तशीच कोरडी आणि खरखरीत होती, आणि नळाचे भोक आतून काळे पडले होते. लाकूड आडवे कापले की त्याच्या असंख्य बारीक नळ्यांची तोंडे उघडी पडतात आणि तेथून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते; म्हणून नेमकी तीच कड तेल पिणे थांबवेपर्यंत भिजवायची असते. ओकमध्ये टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ओलावा आणि लोखंड एकत्र आले की त्यामुळे लाकूड निळसर काळे डाग धरते. वरच्या बाजूला तेलाचा जो एक हात दिला होता, त्याच्या आधी लाकूड लोखंडी तारेच्या घासणीने घासले होते. तिचे कण रेषांत अडकून जागोजागी ठिपके उमटले होते. एका बाजूला तेल आणि दुसरी बाजू कोरी, अशी फळी दोन्हीकडून सारखा ओलावा घेत नाही, त्यामुळे ती हलके हलके वाकतेही.

या सगळ्यावर विक्रेत्याचे उत्तर तेच होते. लाकूड हलते, हे ठाऊक असणारा माणूस ते वाळवतो, सरळ सांधतो, सैल बसवतो आणि सहाही बाजूंनी तेल लावतो. यांतले एकही काम न करता तेच वाक्य ग्राहकाच्या तोंडावर फेकणे, याला मी अज्ञान म्हणू शकत नाही. त्याच्या दालनातल्या नमुन्याची खालची बाजू तेल लावलेली होती, म्हणजे ते कसे करायचे हे त्याला पुरेपूर माहीत होते.

दुरुस्ती दुसऱ्या सुताराकडून करून घ्यावी लागली. एक फळी सरळ कापून वापरता आली. दुसरीचा कोपराच कापून टाकलेला असल्याने ती नवी घेणे भाग पडले. या वेळी लाकडाची जात, पट्ट्यांचा प्रकार, जाडी, ओलाव्याची मर्यादा, दोन्ही बाजूंच्या तेलाचे हात आणि सांध्याचा प्रकार हे सर्व पावतीवर लिहून घेतले, आणि शेवटचा हप्ता खालची बाजू पाहिल्यावरच देण्याचे ठरवले. फळी आल्यावर वेष्टन काढून ती उलटवली. टोकावर प्रत्येक पट्टीची वर्षवलये वेगळी आणि पृष्ठभागावरच्या रेषांशी जुळणारी दिसत होती. वर पातळ पापुद्रा आणि आत भुसा असता, तर तेथेच उघडे पडले असते. पिनांच्या ओलावामापकाने तीन ठिकाणी ९, १० आणि १० असे आकडे दाखवले. मग ती स्वयंपाकघरातच लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवली.

सुताराने सर्व बाजूंना आणि कडांना तेलाचे चार पातळ हात दिले. प्रत्येक हातानंतर उरलेले तेल पुसून घेतले. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती बाहेर पसरून वाळवली. भिंतीलगत चार मिलिमीटर फट सोडली आणि डिशवॉशरच्या वर, फळीच्या खाली, वाफ अडवणारा पत्रा लावला. सिंकजवळ पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहण्याऐवजी पसरून मुरू लागले, की मी त्या जागी पुन्हा तेलाचा हात देते. रुंदी दर काही महिन्यांनी मोजते. वहीतला शेवटचा आकडा ६१९ आहे.