भाडं येत होतं, पण भाडेकरूकडून नाही

ठाणे-नवी मुंबईतला आपला फ्लॅट भाड्याने देऊन जे कोणी बाहेर जाणार असतील त्यांनी कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा. लांबलंय, पण आमचे पैसे गेलेत आणि आमच्या सहीमुळे एका दुसऱ्या कुटुंबाचे त्याहून जास्त गेलेत, ते मला झोपू देत नाही.

मी नर्स, हे आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा ठरवलं की उरलेली ताकद प्रभूच्या कामाला द्यायची, आणि जून २०२३ मध्ये मिशनमार्फत दोन वर्षांसाठी केनियात किसुमूला गेलो. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं बोटीने मुंबईला आली होती, आता आपल्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कोणी बाहेर निघालंय म्हणून निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेबांचाही आवाज दाटला.

एजंट ओळखीतूनच आला. रविवारी मागच्या बाकावर येऊन बसायचा, आमच्यासाठी प्रार्थना करायचा, "ताई तुम्ही देवाच्या कामाला जाताय, घराचं टेन्शन माझ्यावर सोडा" म्हणायचा. यलो फीवरची लस, व्हिसा, बॅगांचं वजन, या सगळ्या गडबडीत निघायच्या चार दिवस आधी त्याने आम्हाला नोटरीकडे नेलं आणि कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीवर, सह्या घेतल्या. इंग्रजीत तीन पानं होती. मालकाच्या वतीने डिपॉझिट स्वीकारायचा अधिकार त्याला दिलाय हे वाक्य त्यात दुसऱ्या पानावर होतं, ते मी परत आल्यावर वाचलं.

महिन्याभरात त्याने ऐरोलीच्या आमच्या वन बीएचकेत भाडेकरू ठेवले, भाडं २२ हजार, डिपॉझिट ५० हजार. अॅग्रीमेंटचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला, फक्त पहिलं पान, मी पण पुढची मागितली नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जमा. आम्ही निश्चिंत.

किसुमूबद्दल थोडं सांगते कारण खरी गोष्ट तिथेच कळली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर, मोम्बासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये तिथपर्यंत पोचली, ती बांधायला आपल्याकडून तीस हजारांवर मजूर नेले होते. विषुववृत्ताला लागूनच आहे त्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या सुमाराला मावळतो, आणि तिथले लोक तास मोजतात ते सूर्योदयापासून, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा पहिला तास, मी पहिल्या आठवड्यात दवाखान्यात दोनदा चुकीच्या वेळी जाऊन उभी राहिले. बाजारात ओमेना म्हणून बारीक मासळी वाळत घातलेली असते, तो वास नाकात गेला आणि मला एकदम आईच्या घरचं सुकट आठवलं. आणि स्वाहिली शब्द! दुकान म्हणजे दुका, साबण म्हणजे साबुनी, विमा म्हणजे बिमा, हिशोब म्हणजे हेसाबु. मी वहीत लिहून ठेवायचे. पण जिना म्हणजे तिथे नाव.

हा जिना शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला तो आमच्या गल्लीतल्या एम-पेसावालीमुळे. एम-पेसा म्हणजे मोबाइलवरचे पैसे, तिथे २००७ पासून आहे, भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सगळं त्यावर चालतं. छोटीशी पत्र्याची टपरी, आत ती बाई, समोर रजिस्टर. पैसे आले की मेसेजमध्ये रकमेच्या पुढे मी डोळे फिरवायचे नाहीत, पुरेसे आले ना एवढंच बघायचे. ती दरवेळी बोट ठेवून सांगायची, "सोमा जिना." नाव वाच. कारण चुकून पैसे आलेत परत करा म्हणून खोटे मेसेज पाठवणारे तिथेही खूप. नाव मोठ्याने वाचल्याशिवाय ती रजिस्टर पुढे करायची नाही.

मार्च २०२४ मध्ये एका रात्री लाइट गेलेली, मोबाइलवर मी वर्षाचा हेसाबु करत होते, आणि सवयीने बँकेच्या स्टेटमेंटमधलं नाव वाचलं. नऊ महिने भाडं आलं होतं आणि नऊच्या नऊ वेळा एजंटच्या स्वतःच्या खात्यातून. भाडेकरूचं नाव एकदाही नाही. ह्यांना उठवलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले असतील तरी मी मेसेज टाकला. सकाळी उत्तर, "ताई ते कॅश देतात, मी ऑनलाइन करतो, तुम्हाला त्रास नको." पुढच्या महिन्यात पैसे आलेच नाहीत आणि फोन बंद.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना विनंती केली, ते स्वतः वर गेले आणि आतूनच मला व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्याकडचं कुटुंब, भाऊ रबाळे एमआयडीसीत कामाला, वहिनी चार घरी पोळ्या करतात. वहिनी म्हणाल्या, "आम्ही भाडं देतच नाही हो, आम्ही आठ लाख हेवी डिपॉझिट दिलंय, घर सोडताना तुम्ही परत देणार." गावची जमीन विकली होती त्यांनी. त्यांच्याकडे वेगळंच अॅग्रीमेंट, आमच्या नावाने, खाली कुलमुखत्यार म्हणून त्याची सही.

म्हणजे आठ लाख त्याने त्यांच्याकडून घेतले, त्यातलेच ५० हजार डिपॉझिट आणि १ लाख ९८ हजार भाडं म्हणून मला दिले, आणि ५ लाख ५२ हजार घेऊन गेला. मे महिन्यात काम अर्धवट टाकून आम्ही परत आलो, पोलीस स्टेशनला वहिनी-भाऊ आणि आम्ही एकत्रच गेलो, तिथे बाकावर याच माणसाने फसवलेले अजून तीन मालक बसलेले.

वकिलाने सांगितलं ते तुम्हाला आधी माहीत असू द्या. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट रजिस्टर करायची गरज नाही असं सगळे छातीठोक सांगतात, ते महाराष्ट्रात खोटं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणी केलेलंच लागतं, ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि त्याहून भारी म्हणजे नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. आमच्या वहिनी खरं बोलत होत्या म्हणून ठीक, पण विचार करा.

ऑनलाइन नोंदणीत दोघांच्या आधारवर अंगठा लागतो, त्यामुळे कोण कोणाशी करार करतंय ते नावानिशी नोंदलं जातं, आणि बहुधा म्हणूनच असे एजंट नोंदणी टाळतात, "उगाच खर्च" म्हणतात. तुम्ही परदेशात असाल तर कुलमुखत्यार सख्ख्या माणसाला करा, एजंटला अजिबात नको, आणि पैसे घ्यायचा अधिकार त्यात घालूच नका. तिकडून करायचं असेल तर आपल्या वकिलातीत सही करून शिक्का घ्यायचा, आम्हाला किसुमूहून नैरोबी साडेतीनशे किलोमीटर लांब म्हणून आम्ही तो विचारच केला नाही, आणि तो कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. भाडं भाडेकरूच्या खात्यातून तुमच्या खात्यात, मध्ये कोणी नाही. आणि भाडेकरूशी स्वतः बोला, नुसतं जेवलात का विचारायला तरी फोन करा. मी नऊ महिन्यांत एक फोन केला असता तर यातलं निम्मं थांबलं असतं.

तो उपासनेला यायचा म्हणून मी विचारलं नाही. मंडळीतल्या माणसाला कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं मला वाटायचं. आता पाळकसाहेबांना सांगून मी तरुण जोडप्यांना दर रविवारी उपासनेनंतर हे सांगत असते.

घर रिकामं करा असं त्या कुटुंबाला आम्ही सांगू शकलो नाही. एक वर्ष भाडं न घेता राहायचं, केसमधून जे वसूल होईल ते आधी त्यांना, असं ठरवलं आणि तसंच्या तसं रजिस्टर केलं. आम्ही कोपरखैरण्याला नणंदेकडे राहतो. नोंदणीवाला मुलगा मशीन घेऊन ऐरोलीच्या घरी आला, माझा आणि ह्यांचा अंगठा लगेच लागला, भाऊंचाही. वहिनींचा लागेना, रोज तव्यावर पोळ्या उलटून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. त्यांनी तीनदा हात धुतला, पदराला पुसला, थोडं खोबरेल लावलं. चौथ्या वेळी मशीनवर हिरवा दिवा लागला आणि स्क्रीनवर त्यांचं नाव आलं, ते मी मोठ्याने वाचलं.