डॉट इन, डॉट भारत आणि मधला माणूस

वेबसाईटच्या पत्त्याचं नाव, म्हणजे डोमेन, घ्यायचं झालं तर शेवटी डॉट इन असण्याला पाचपैकी चार, डॉट भारतला अडीच, आणि आपल्याला ते विकणाऱ्या मधल्या माणसाला किती ते माणूस बघून. एवढं वाचून पुढे जायचं तर जा, पण ज्यांचा क्लास, दुकान, मंगल कार्यालय किंवा घरचा मसाला इंटरनेटवर टाकायचा विचार चाललाय त्यांनी जरा थांबा, कारण या विषयावर मराठीत शोधलं की एकतर जाहिरात सापडते नाहीतर "डॉट कॉमच घ्या, बाकी सगळं बेकार" असं कुणीतरी ठोकून दिलेलं असतं. मी सांगलीकडे लहान धंद्यांच्या साईट बनवून देतो, बेदाणावाले, हळदवाले, एखादा दवाखाना, असलं गिऱ्हाईक. त्यामुळे जे लिहितोय ते त्या अंगाने.

आधी हे विकतं कोण ते बघू. डॉट इनची सगळी वही निक्सीकडे असते, नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, 2003 साली काढलेली ना-नफा कंपनी, केंद्राच्या आयटी मंत्रालयाखाली. निक्सी दुकान उघडून आपल्याला नाव विकत नाही, तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार विकतात, आणि त्यांच्याखाली त्यांचा माल पुढे विकणारे रिसेलर, आणि रिसेलरखाली "माझा भाचा कॉम्प्युटरचं करतो" वाला भाचा. 2005 च्या आधी तर हे नाव मिळणंच मुश्किल होतं, कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेकडे, नियम कडक, त्यामुळे नावं इतकी कमी की हसू यावं. मग 2005 च्या जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना आणि फेब्रुवारीत सगळ्यांना दार उघडलं. आता भारतात ऑफिस पाहिजे अशीही अट नाही, परदेशात बसलेला माणूसपण डॉट इन घेऊ शकतो, एक ते दहा वर्षांसाठी. हां, गव्ह डॉट इन मात्र तुम्हाआम्हाला नाही, ते सरकारी खात्यांचं, केंद्राची कॉम्प्युटर संस्था एनआयसी देते, आणि कॉलेजांचं एसी डॉट इन अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या सरकारी नेटवर्ककडून मिळतं. म्हणून "सरकारी योजना" म्हणून लिंक आली आणि शेवटी नुसतं डॉट इन किंवा डॉट ऑर्ग डॉट इन असेल तर आधार नंबर टाकायच्या आधी दहा वेळा बघा.

भाव. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये शंभर-दोनशेत मिळून जातं आणि माणूस खूश होतो, दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला तीन-चार पट आकडा येतो, वर 18 टक्के जीएसटी. ही फसवणूक म्हणणार नाही कारण बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण घेताना रिन्यूअलचा भाव बघून घ्या, ऑफरचा नाही.

आता केवायसी, म्हणजे घेणारा खरा कोण याची ओळख तपासणी. याच्यावर लोक लय वैतागतात. डॉट इन घेतलं की रजिस्ट्रार आधार-पॅन मागतो, व्हेरिफाय केलं नाही तर नाव होल्डवर जातं आणि साईट बंद. शिवाय डॉट कॉमला मिळते तशी "प्रायव्हसी" सर्व्हिस, म्हणजे स्वतःच्या नावाऐवजी कुठल्यातरी कंपनीचं नाव पुढे करायचं, ते डॉट इनला चालतच नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही नियम बरोबर आहेत. मोठ्या कंपनीच्या नावाने खोट्या डीलरशिप वाटणाऱ्या साईट बघितल्यात ना? लाखभर रुपये डिपॉझिट भरून मोकळे झालेले लोक असतात, आणि पोलीस विचारायला गेले की मालकाच्या जागी अ ब क आणि एक मेल आयडी. नाव आपलं असेल तर आधार दाखवायला काय जातंय. आणि व्हूइजमध्ये, म्हणजे नाव कुणाचं ते बघायच्या खुल्या यादीत, आता तुमचा पत्ता-फोन सगळ्या जगाला दिसत नाही, झाकलेला असतो, राज्य आणि देश तेवढा दिसतो.

वैताग आहे तो ते राबवण्यात. आमच्या एका बेदाणावाल्या काकांचं डोमेनच्या रेकॉर्डवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, जसं आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर असतं, आणि आधारवर नाव आधी. सिस्टीम म्हणते मॅच नाही. मग ते नाव सुधारायला गेलं तर "मालक बदलताय का" म्हणून वेगळा फॉर्म. चॅटवरचा पोरगा दर वेळी नवा, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगा. पॅनवरचं नाव रेकॉर्डला जशास तसं, स्पेलिंगसकट टाकलं तेव्हा झालं, तर तुम्ही बुक करतानाच तसं टाका.

आणि आता मधला माणूस, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. लहान गावात डोमेन कसं घेतलं जातं? साईट करून देणारा म्हणतो "काका तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघतो सगळं", आणि तो बघतो म्हणजे स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःच्या मेलवर, बऱ्याचदा स्वतःच्या नावावर बुक करतो. काकांकडे पावती असते ती "वेबसाईट काम : आठ हजार फक्त". कायद्याने आणि रजिस्ट्रीच्या वहीत मालक तो पोरगा. मग पोरगा पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या जीमेलमध्ये पडून राहतात आणि एक दिवस साईटच्या जागी जाहिरातींचं पान. असं एक प्रकरण माझ्याकडे आलं, तासगावच्या दुकानाचं. रजिस्ट्रारला शॉप ॲक्ट पाठवला, जीएसटी सर्टिफिकेट पाठवलं, दुकानाच्या बोर्डाचा फोटोसुद्धा पाठवला, उत्तर एकच, रेकॉर्डवरच्या मेलवरून विनंती पाठवा. त्यांच्या जागी ते चूक नाहीत म्हणा, उद्या कुणीही बोर्डाचा फोटो पाठवून कुणाचंही नाव नेईल. शेवटी मालकांनी त्या पोराच्या वडिलांना बाजारात गाठलं, चहा पाजला, आणि मग पोराने जुना पासवर्ड शोधला. तोवर नाव रिडेम्प्शनमध्ये गेलेलं. मुदत संपली की आधी थोडी सवलत असते, मग रिडेम्प्शनचे साधारण तीस दिवस, त्यात सोडवायचं तर दंडासकट पैसे, मग पाच दिवसांनी नाव सुटतं आणि कुणीही घेऊ शकतं. आणि बरं चालणारं नाव सुटायची वाट बघत बसलेले लोक असतात, मशिनं लावून बसलेले.

तर नाव घेताना रजिस्ट्रंट, म्हणजे मालक, म्हणून तुमचं नाव, तुमचा मेल, तुमचा मोबाईल, आणि अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडे. साईटवाल्याला फक्त नेमसर्व्हर, म्हणजे नाव टाकलं की कुठली साईट यावी ते ठरवणारी सेटिंग, बदलायला द्या. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं झालं तर ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा गुप्त कोड, लागतो, तो मागितल्यावर जो "कशाला पाहिजे तुम्हाला" म्हणतो त्याच्याकडून लवकर निघा. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

डॉट भारत. मला मनापासून आवडणारी गोष्ट आणि तरी अडीचच. 2014 च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत सुरू झालं, मराठी, कोकणी, हिंदी धरून आठ भाषांसाठी, नंतर बाकीच्या लिप्या आल्या. ब्राउझरच्या पट्टीत सगळा पत्ता मराठीत दिसतो, ळ सकट, आणि गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो डॉट कॉमला कधी बघितला नाही. पण तोच पत्ता क्रोममधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. एक्सएन, दोन डॅश, आणि पुढे रोमन अक्षरांची आणि आकड्यांची अशी खिचडी की आमच्या हळदवाल्यांच्या मेव्हण्यांनी फोनच केला, "भाऊजी, तुमचं व्हॉट्सॲप हॅक झालंय, काहीतरी घाण लिंक येतीये." म्हणजे लोकांना इतकी वर्षं शिकवलं की विचित्र लिंक उघडू नका, आणि आपली स्वदेशी लिंकच सगळ्यात विचित्र. मेलचं तर विचारू नका, मराठीतला मेल आयडी दिला की निम्मे फॉर्म "व्हॅलिड ईमेल टाका" म्हणून लाल होतात. शिवाय ह्रस्व-दीर्घ. नाव "पूजा" घेतलं आणि लोक टाईप करतात "पुजा", मग दोन्ही घ्या, दोन्हीचे पैसे. बोर्डावर, पिशवीवर, लग्नपत्रिकेवर छापायला डॉट भारत झकास आहे, शेजारी क्यूआर कोड द्या आणि तो मूळ डॉट इनवर वळवून ठेवा. एकट्या डॉट भारतवर धंदा टाकू नका, आज तरी.

तुमच्या नावाशी मिळतंजुळतं कुणी घेतलं तर? डॉट इनसाठी आयएनडीआरपी म्हणून वेगळी सोय आहे, कोर्टात न जाता लवादापुढे तक्रार. तीन गोष्टी दाखवायच्या, नाव तुमच्या ट्रेडमार्कशी सारखं किंवा गोंधळ होण्याइतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंय किंवा तसं वापरतोय. तो "किंवा" महत्त्वाचा, डॉट कॉमच्या नियमात तिथे "आणि" आहे, दोन्ही सिद्ध करावं लागतं. निकालात नाव परत मिळतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाईची आशा धरू नका. हे प्रकरण जुनं आहे तसं, 1999 मध्येच मुंबई हायकोर्टात रेडिफने "रॅडिफ" नावाच्या साईटला अडवलं होतं, एका अक्षरासाठी, आणि 2004 ला सुप्रीम कोर्टाने सिफीच्या केसमध्ये सांगून टाकलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. लहान दुकानाला लवादाची फी परवडते का हा वेगळा प्रश्न. त्यापेक्षा ट्रेडमार्क आणि डोमेन एकाच महिन्यात करून टाका.

साईट चालवायचे नियम. आपल्याकडे साईट सुरू करायला परवानगी लागत नाही, चीनमध्ये तिथल्या सर्व्हरवर साईट टाकायची तर आधी सरकारदरबारी आयसीपी नोंदणी लागते तसलं काही नाही, याला पूर्ण मार्क. पण सामान विकत असाल तर 2020 चे ई-कॉमर्सचे ग्राहक नियम आहेत, पूर्ण नाव, पत्ता, फोन, तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव साईटवर पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात. खायचं असेल तर फूड लायसनचा नंबर. गंमत अशी की हे नियम वाचून कुणी करत नाही, पेमेंट गेटवेवाला, म्हणजे साईटवर ऑनलाईन पैसे घ्यायची सोय देणारा, अडवतो म्हणून करतात. रिफंड पॉलिसीचं पान नाही, अकाउंट चालू होणार नाही, मग रात्रीत कुठूनतरी कॉपी मारतात. एका साईटवर सोनाराची पॉलिसी तशीच चिकटवलेली, हॉलमार्कसकट, आणि विकतात पापड.

2022 च्या एप्रिलमधला सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश आणखी कमी लोकांना माहीत असतो. साईट हॅक झाली तर कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं आणि लॉग, म्हणजे साईटवर कोण कधी आलं आणि काय केलं त्याच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साईट एकाच सर्व्हरवर ठेवतात तिथे, लॉग आपोआप कधी उडतात ते गिऱ्हाईकाला सोडा, विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि हॅक म्हणजे काही सिनेमातलं नसतं, दवाखान्याच्या साईटवर मागच्या दाराने जुगाराची शेकडो पानं चढवलेली असतात आणि डॉक्टरांना ते गुगलवर स्वतःचं नाव शोधल्यावर दिसतं. होस्टिंग घेताना लॉग किती दिवस राहतात हे विचारा, गोलगोल उत्तर आलं तर दुसरा बघा. कॉन्टॅक्ट फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि घरचा पत्ता उगाच मागू नका हेही आत्ताच शिका, डेटा संरक्षण कायद्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आलेत, अंमलाला दीड वर्षाची मुदत आहे आणि दंडाची वरची मर्यादा 250 कोटी.

मधला माणूस काढला की काय होतं ते बघायचं तर बँकांकडे बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बँक डॉट इनवर जायला 31 ऑक्टोबर 2025 ची तारीख दिली, नाव देणार एकटी आयडीआरबीटी, रिझर्व्ह बँकेने काढलेली हैदराबादची संस्था, आणि मिळणार फक्त बँकेलाच. अर्बन बँकासुद्धा त्यात आल्या. आमच्याकडे पतसंस्थावाले आता विचारतात आम्हालापण मिळेल का. नाही मिळणार, तुम्ही बँक नाही, तुम्ही साधं डॉट इन घ्या, संस्थेच्या नावावर, चेअरमनच्या जावयाच्या नावावर नको.