पहिल्या वर्षाचं फिजिक्स: अमेरिकेत कोणता कोर्स कुणी घ्यावा?

महाराष्ट्रात बारावीनंतर आधी शाखा ठरते आणि त्या शाखेचं फिजिक्स आपोआप वाट्याला येतं. एफवायबीएस्सीला एक, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला दुसरं. अमेरिकेत मात्र अनेकदा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, पक्कं व्हायच्या आधीच पहिल्या सेमिस्टरची नोंदणी करावी लागते आणि यादीत ‘इंट्रोडक्टरी फिजिक्स’ म्हणून तीन-चार वेगवेगळे कोर्स समोर येतात. पुण्याहून किंवा नाशिकहून नुकत्याच गेलेल्या मुलाला तर यातला फरक सांगणारं जवळ कुणी नसतं.

घरून सल्ले येतात ते दोनच प्रकारचे. ‘सगळ्यात अवघड तोच घे, म्हणजे पुढे अडायला नको’ किंवा ‘सोपा घे, जीपीए (ग्रेडची सरासरी) सांभाळ’. दोन्ही सल्ल्यांत फक्त अवघड-सोपं एवढंच मोजलेलं असतं. माझं मत असं की, अवघडपणा शेवटी पाहावा. आधी पाहावं ते हे, की हा कोर्स पुढे कुठल्या कोर्सचं दार उघडतो आणि त्यात कुठल्या प्रश्नांवर वेळ जातो.

उदाहरणासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली घेऊ, कारण तिथे हे सगळे प्रकार एकाच डिपार्टमेंटमध्ये शेजारी शेजारी आहेत. ७ए-७बी-७सी ही मालिका इंजिनीअरिंग आणि इतर विज्ञान शाखांसाठी. ८ए-८बी ही प्रामुख्याने जीवशास्त्र आणि आर्किटेक्चरकडे जाणाऱ्यांसाठी. ५ए-५बी-५सी ही फिजिक्स, अॅस्ट्रोफिजिक्स, इंजिनीअरिंग फिजिक्स करू पाहणाऱ्यांसाठी. शिवाय कला-वाणिज्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्णनात्मक कोर्स, जो रिचर्ड म्युलर यांनी ‘भावी राष्ट्राध्यक्षांसाठी भौतिकशास्त्र’ या नावाने गाजवला.

एक थेंब, चार वर्ग

या प्रकारांतला फरक अभ्यासक्रमाच्या यादीवरून कळत नाही. न्यूटनचे नियम, ऊर्जा, संवेग हे शब्द जवळजवळ सगळीकडे दिसतात. म्हणून एकच प्रश्न चारही वर्गांत नेऊन बघू: ढगातून पडणारा पावसाचा थेंब.

वर्णनात्मक कोर्समध्ये विचारतील, हा थेंब डोक्यावर पडून आपल्याला इजा का होत नाही? एक किलोमीटर उंचीवरून हवेचा अडथळा नसताना तो पडला, तर जमिनीपाशी त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर भरेल. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंबही ताशी ३०-३५ किलोमीटरच्या वर जात नाही. वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढतो, हे इथे समजून घ्यायचं आणि आकड्यांचा अंदाज बांधायला शिकायचं. समीकरण सोडवायचं नाही. याला कुणी कमी लेखू नये. टीएनटी या स्फोटकाच्या एका ग्रॅमपेक्षा एक ग्रॅम चॉकलेट बिस्किटात कितीतरी जास्त ऊर्जा असते आणि स्फोटकाची ताकद ती ऊर्जा किती झपाट्याने सुटते यात असते, हे ज्याला कळलं त्याला ऊर्जाधोरणावरची बातमी वाचताना त्याचा उपयोग होतो.

८ए धर्तीच्या कोर्समध्ये वजन आणि रोध यांचा समतोल मांडून अंतिम वेग काढायचा. काम बीजगणितात भागतं. धुक्यातल्या १० मायक्रॉन त्रिज्येच्या कणासाठी हा वेग सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर येतो. धुकं तरंगल्यासारखं का दिसतं, ते या आकड्यात आहे.

७ए धर्तीच्या कोर्समध्ये प्रश्न असा होतो की, थेंब त्या वेगाला पोचतो कसा आणि किती वेळात? म्हणजे विकलक समीकरण मांडायचं, ते सोडवायचं, घातांकी उत्तर आलं की त्याची दोन्ही टोकं तपासायची: सुरुवातीला मुक्त पतन, शेवटी स्थिर वेग. इथे कॅलक्युलस हेच कामाचं हत्यार असतं.

आणि ५ए किंवा कुठल्याही ऑनर्स (जास्त खोलात जाणाऱ्या) कोर्सच्या धर्तीवर: थेंब धुक्यातून पडताना वाटेतले कण गिळत मोठा होतोय, तर त्याचं त्वरण किती? वस्तुमानच बदलतंय, त्यामुळे बारावीचं ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ तसंच्या तसं चालत नाही. थेंब गोल राहतो, वाटेत येणारं सगळं धुकं गोळा करतो आणि हवेचा रोध नाही असं धरलं, तर उत्तर येतं गुरुत्वत्वरणाचा सातवा भाग. ते धुक्याच्या घनतेवर अवलंबूनच नाही! ज्याला हे उत्तर वाचून ‘असं कसं?’ म्हणून कागद ओढावासा वाटतो, त्याने ही मालिका घ्यावी. ज्याला वाटत नाही, त्याने केवळ नावासाठी घेऊ नये.

जीवशास्त्राचं फिजिक्स म्हणजे पातळ केलेलं फिजिक्स नव्हे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. पूर्वी जीवशास्त्राच्या मुलांसाठीचा कोर्स म्हणजे बरेचदा इंजिनीअरांचाच कोर्स, त्यातून कॅलक्युलस गाळलेला, असा असे. तोफगोळे आणि घसरणारे ठोकळे तसेच, आकडेमोड फक्त सोपी. त्या मुलांना कंटाळा आला तर दोष त्यांचा नव्हता.

गेल्या दीड-दोन दशकांत बऱ्याच विद्यापीठांनी हे बदललं. मेरिलँड विद्यापीठात एडवर्ड रेडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला ‘नेक्सस फिजिक्स’ हा त्यातला ठळक प्रयत्न. त्यात प्रक्षेप्य गतीसारख्या विषयांना कात्री लावून विसरण (डिफ्यूजन), एन्ट्रॉपी, मुक्त ऊर्जा, द्रवांचा प्रवाह आणि रासायनिक बंधाची ऊर्जा यांना जागा दिली. यातले काही विषय इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला येतही नाहीत. थेंबाचाच प्रश्न इथे वेगळ्या दिशेने जातो: पाण्यात पोहणारा जिवाणू शेपटी हलवायची थांबला तर पुढे किती घसरेल? उत्तर आहे, अणूच्या व्यासाहूनही कमी. त्याच्या जगात जडत्वाला जवळजवळ काही किंमत नाही, सगळं राज्य चिकटपणाचं. हे गणित फार लांबलचक नाही, पण त्यातून निघणारा विचार पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विचाराइतकाच खोल आहे.

म्हणूनच ‘लाइफ सायन्सेस’ लिहिलंय म्हणजे कॅलक्युलस नाही, असं गृहीत धरू नका. मेरिलँडच्या या कोर्सला कॅलक्युलस आधी झालेलं लागतं. कोर्सच्या वर्णनातली पूर्वअटींची ओळ शीर्षकापेक्षा जास्त खरं सांगते.

प्री-मेडवाल्यांसाठी, म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांसाठी, हिशेब बराच सरळ आहे. मेडिकल कॉलेजं सहसा लॅबसह वर्षभराचं फिजिक्स मागतात, ते बीजगणितावर आधारलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत रसायन-भौतिकीचा जो विभाग आहे, त्यात ९५ मिनिटांत ५९ प्रश्न असतात आणि त्यातले साधारण पाव पहिल्या वर्षाच्या फिजिक्सवर. कॅलक्युलस लागत नाही, कॅल्क्युलेटर मिळत नाही. द्रवांचा दाब आणि प्रवाह, भिंगं, ध्वनी, साधी विद्युत मंडलं यांवर हात बसलेला हवा. ८ए-८बीसारखा कोर्स नेमका या जागांवर वेळ देतो. डॉक्टर व्हायचंय एवढं नक्की असेल, तर ऑनर्स मेकॅनिक्स घेऊन एमकॅटच्या तयारीला फारसं काही मिळत नाही.

दारं कुठे बंद होतात

आता उलट बाजू. बीजगणितावरचा कोर्स करून नंतर इंजिनीअरिंगकडे वळलात, तर तो सहसा धरला जात नाही; ७एसारखा कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. कॅलक्युलसवाला कोर्स मात्र जीवशास्त्राकडे वळल्यावरही बहुधा चालतो. आणि दोन्ही केले, तर दोन्हींचे क्रेडिट सहसा मिळत नाहीत. म्हणजे बायोलॉजी आणि बायोइंजिनीअरिंग यांच्यात मन खरोखरच दोलायमान असेल, तर कॅलक्युलसवाला घेणं शहाणपणाचं. ‘कदाचित, कधीतरी’ एवढंच असेल, तर त्या कदाचितसाठी दोन सेमिस्टर ओढाताण करून घेऊ नये.

कॉम्प्युटरवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. बर्कलीतच, इंजिनीअरिंग कॉलेजच्या ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सेस) पदवीला फिजिक्स लागतं, तर कॉम्प्युटर सायन्सच्या बीएला लागत नाही. बाहेरून दोन्ही ‘कॉम्प्युटर’च दिसतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातली बरीच मराठी मुलं आधी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात. कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात २ए-२बी-२सी ही बीजगणितावरची आणि ४ए ते ४डी ही कॅलक्युलसवरची मालिका आहे. पुढे कुठल्या विद्यापीठात कुठला कोर्स धरला जाईल, हे ‘असिस्ट’ या कॅलिफोर्नियाच्या अधिकृत संकेतस्थळावर मेजरनिहाय बघता येतं. नोंदणीआधी ते पाहावंच. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीवर घेतल्या जाणाऱ्या एपी परीक्षांचंही असंच: इंजिनीअरिंगसाठी मोल असतं ते एपी फिजिक्स सी ला, एपी फिजिक्स १ बीजगणितावरची आहे.

सगळीकडे इतकी निवड नसते. एमआयटीत अर्थशास्त्र करणाऱ्यालाही कॅलक्युलसवरचे दोन फिजिक्स कोर्स करावेच लागतात. तिथे निवड आहे ती वेगाची आणि खोलीची: ८.०१ नेहमीचा, ८.०१एल तेच सगळं जानेवारीपर्यंत लांबवून शिकवणारा आणि ८.०१२ गणिताची आवड असलेल्यांसाठी. पहिल्या सेमिस्टरला तिथे ग्रेड नोंदवलीच जात नाही. पास झालात तर पास, नाही तर नोंद नाही. त्यामुळे ८.०१२ चा धोका पत्करायला तिथे मी कुणालाही सांगेन. जिथे पहिल्या मिडटर्मपासूनच जीपीए मोजला जातो, तिथे नाही सांगणार.

शिकवण्याची पद्धत

कोर्स निवडताना ही बाजू फार थोडे लोक बघतात. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्समधल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. कोर्सच्या आधी आणि नंतर संकल्पनांची चाचणी घेऊन, जितकं वाढणं शक्य होतं त्यातलं किती वाढलं, हे त्यांनी मोजलं. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, तर विद्यार्थ्यांना आपसांत चर्चा करायला, प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. एकाच मालिकेचे दोन सेक्शन असतील, तर वेळापत्रकाच्या सोयीपेक्षा ही गोष्ट पाहून सेक्शन घ्यावा.

महाराष्ट्र बोर्डातून बारावी करून थेट जाणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे. घूर्णन गती, उष्मागतिकी, एसी मंडलं हे सगळं तुमचं झालेलं असतं, गणित घेतलं असेल तर कॅलक्युलसही असतं. तेव्हा इंजिनीअरिंग किंवा विज्ञानासाठी ७एसारखा कोर्स तुमच्या आवाक्यातला आहे. जेईईची मनापासून तयारी केली असेल तर ऑनर्सही. कस लागतो तो दुसरीकडे. सूत्रांचा कागद बरेचदा परीक्षेतच हातात मिळतो, त्यामुळे पाठ केलेल्या सिद्धतेला गुण नसतात. ‘दोनपैकी एक दोरी तुटली तर दुसरीतला ताण वाढेल की कमी होईल, का ते दोन वाक्यांत लिहा’ अशा प्रश्नाला असतात. आणि लॅबचं जर्नल वर्षअखेरीस उतरवून चालत नाही. दर आठवड्याला मोजमापांतल्या त्रुटींचा हिशेब आपल्या शब्दांत लिहावा लागतो.

तरीही ठरत नसेल, तर डिपार्टमेंटच्या अॅडव्हायझरकडून दोन्ही कोर्सच्या जुन्या मिडटर्म मागून घ्या आणि घड्याळ लावून सोडवून बघा. नोंदणी अवघड कोर्सला करा, पण कोर्स बदलायची शेवटची तारीख लिहून ठेवा. पहिला पंधरवडा दोन्हीकडे गतीचे साधे प्रश्नच चालू असतात, तेव्हा ७एमधून ८एकडे यायला जड जात नाही. महिन्याभराने उलट्या दिशेने जायचं म्हटलं, तर मागचे सगळे होमवर्क भरून काढावे लागतात आणि तोवर लॅबमध्ये जागा उरलेली असेलच असं नाही.