गंगापूर रोडवरची जिम: स्ट्रेंथ शिकायची असेल तर नक्की जा

नाशकात जिम ढिगाने झाल्यात पण कोणता प्रोग्राम आधी आणि कोणता नंतर हे नीट आखून देणारा ट्रेनर क्वचित मिळतो, इथे मिळतो. सर सुरुवातीला फाईव्ह बाय फाईव्ह (म्हणजे बहुतेक व्यायामांचे ५ सेट, प्रत्येक सेटमध्ये ५ वेळा) लावतात, आठवड्यातून ३ दिवस, स्क्वॉट दर वेळी, बाकी बेंच, रो, ओव्हरहेड प्रेस, डेडलिफ्ट आलटून पालटून, आणि दर वेळी बारवर २.५ किलो वाढवायचे, डेडलिफ्टला ५. हे चालतंय तोवर प्रोग्राम बदलूच देत नाहीत, आणि मला हे फार पटलं, कारण नवीन माणसाची ताकद जितकी झपाट्याने वाढते तितकी नंतर वाढत नाही, ती संधी का घालवायची. अडकलं की १० टक्के वजन उतरवून परत चढायचं. तरीही हलेना तरच फाईव्ह थ्री वन हा पुढचा प्रोग्राम, तिथे वाढ महिन्याने आणि उचलायच्या वजनाचे टक्के खऱ्या मॅक्सच्या (एकदाच उचलता येईल ते जास्तीत जास्त वजन) ९० टक्क्यांवरून काढायचे.

सव्वा किलोच्या प्लेट्स आहेत हे बघून खरंच बरं वाटलं, बारच्या दोन्ही बाजूंना एकेक लावली की बरोबर २.५ किलो वाढतात! स्क्वॉटचे रॅक (बार ठेवायचे स्टँड) दोनच, त्यामुळे संध्याकाळी थांबावं लागतं, जमलं तर सकाळी जा.