मॉडेल रेल्वेचं दुकान म्हणून तालुक्याचा बाजार: काय मिळतं, काय नाही

मूर्तिजापूर-यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज गाडीचं, ‘शकुंतले’चं, चालतं मॉडेल करायचं मनात घेतलं, तर मूर्तिजापुरात किंवा दारव्ह्यात रूळ विकणारं दुकान शोधत फिरू नका. जिथे ही दुकानं गल्लोगल्ली होती तिथेही ती उठत चालली आहेत. लिव्हरपूलच्या ‘हॅटन्स’ने 1946 पासूनचा धंदा बंद करत असल्याचं जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे त्यात कराची भर पडली. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर, आणि स्केल मॉडेलं त्याच वर्गात मोडतात. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्काही सक्तीचा आहे. वर्षाला चार खोकी विकण्यासाठी एवढी उठाठेव कोणता छोटा दुकानदार करेल?

म्हणजे खोकं कुरिअरनेच येणार. पण अशा दुकानाची खरी कमाई गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन गोष्टींत होती: काउंटरवरचा टेस्ट ट्रॅक, म्हणजे इंजिन चालवून बघायचा रूळ, आणि सुट्या भागांचा खण. त्या दोन्ही तालुक्याच्या बाजारातून कितपत उभ्या राहतात, ते पाहू.

आधी मागवायचं काय? शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिमी. 1:87 ला, म्हणजे खऱ्याच्या 87 व्या भागाच्या मापात, तो 8.76 मिमी येतो, म्हणजे सर्रास मिळणारा 9 मिमीचा रूळ जवळपास अचूक बसतो. ब्रॉडगेजवाल्यांचं नशीब एवढं नाही; 1676 मिमीचे 19.26 होतात आणि हातात येतो 16.5 चा रूळ. 9 मिमीत 249 मिमी त्रिज्येचं वळण घेतलं तर पूर्ण गोल दोन फुटी फळीवर मावतो. 16.5 मध्ये 18 इंच त्रिज्येच्या वळणाला चार फूट रुंदी धरावी लागते, आणि तेवढी फळी दारातून आत-बाहेर करणं हा वेगळाच व्याप. एक खोट सांगून ठेवतो: 9 मिमीचा रूळ मुळात लहान स्केलच्या गाड्यांसाठी असल्याने त्याचे स्लीपर फार जवळजवळ असतात. खडी थोडी वरपर्यंत भरली की हे झाकतं.

आता बाजार. सगळ्यात कामाचं दुकान सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्या विकणाऱ्याचं. परदेशी सेटसोबतचा अडॅप्टर लावण्याआधी उलटा करून वाचा. ‘इनपुट 100-240’ असेल तर ठीक. नुसतं 120 लिहिलं असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो जळणारच. त्याच्या जागी कॅमेऱ्याचा 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर चालतो. पुढे डीसी मोटारचा पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा) स्पीड कंट्रोलर आणि दिशा बदलायला सहा पायांचा डीपीडीटी स्विच, मधे बंद होणारा. कंट्रोलरच्या दोन तारा मधल्या पायांना, रुळाच्या दोन तारा एका टोकाच्या पायांना, आणि तिथून दुसऱ्या टोकाला तिरक्या फुलीत दोन जोडण्या. स्विच नेहमी गाडी थांबवूनच फिरवायचा. बारक्या इंजिनांत कधी कधी कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटार असते. ती स्वस्त पीडब्ल्यूएमवर गुणगुणते आणि तापते. पाच मिनिटांत इंजिनाची टोपी हाताला गरम लागली, तर साधा बदलत्या व्होल्टेजचा डीसी सप्लाय घ्यावा.

खरी युक्ती दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आहे. इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 10 वॅटचा बल्ब घ्या आणि कंट्रोलर व रूळ यांच्या मधल्या एका तारेत सिरीजमध्ये टाका. एलईडी नको, जुना तारेचाच हवा. गाडी नीट चालते तेव्हा पाव-अर्धा अँपिअरच वाहतो, बल्ब जेमतेम लाल होतो. डबा घसरून दोन्ही रूळ जोडले गेले की तो भक्कन पेटतो, करंट पाऊण अँपिअरच्या आसपास अडतो आणि कंट्रोलर वाचतो. हॉबीच्या दुकानातल्या कितीतरी महाग कंट्रोलरमध्येही एवढं स्पष्ट दिसत नाही.

मोबाइल दुरुस्तीवाला दुसऱ्या नंबरवर. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), बारीक चिमटा, 60/40 सोल्डर आणि 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न सगळं त्याच्याकडे असतं. आयपीए कापडावर घेऊन रूळ पुसा. पॉलिश पेपर घासू नका. त्याचे ओरखडे पुढे काजळी धरतात. थिनर तर प्लास्टिकच खातो. रुळाला वीज एकाच जागी दिली तर लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं, म्हणून साधारण मीटरभर अंतरावर तारा जोडाव्यात. सोल्डर बाहेरच्या बाजूने, दोन-तीन सेकंदांत. जास्त रेंगाळलात तर स्लीपर वितळून गेज बिघडतो. फ्लक्स रोझिनचाच हवा. रेडिएटरवाल्याचा ॲसिडचा चालणार नाही, पावसाळ्यानंतर जोड हिरवा पडतो.

टेस्ट ट्रॅकची उणीव भरायची कशी? खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपण्याआधी दोन सरळ तुकडे जोडून 9 व्होल्टच्या बॅटरीवर इंजिन दोन्ही दिशांना पळवा. डबे सारखे घसरत असतील तर 16.5 च्या सेटमध्ये चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, ते 14.4 ते 14.5 मिमी हवं. व्हर्निअर लेथवाल्याकडे असतोच. बहुतेक वेळा रुळाला दोष दिला जातो आणि निघतं चाक.

फ्लेक्स छापणाऱ्याकडे 3 आणि 5 मिमीचा सनबोर्ड तुकड्यांत मिळतो. स्टेशनची इमारत, फलाट त्याचेच करावेत. चिकटवायला फेविकोल. सॉल्व्हेंटचा डिंक आतला फोम खाऊ शकतो, आणि हे दुकानदार सांगत नाही. हार्डवेअरवाल्याकडचा 12 मिमी प्लाय चांगला, पण खालून-वरून आणि मुख्यतः कडांना रंग मारल्याशिवाय वापरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेवढा रूळ कधी सरकत नाही. टिनाच्या छपराखालच्या खोलीत मात्र उन्हाळ्याचाही हिशेब हवा: 15 अंशांवरून 45 वर गेल्यावर धातूचा रूळ मीटरमागे साधारण अर्धा मिमी वाढतो. गजभर लांबीचे लवचिक रूळ जानेवारीत टाकत असाल तर प्रत्येक जोडाला जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर टोकं भिडवली तरी चालतं.

खडी फुकट आहे आणि तिच्यात धोकाही आहे. क्रशरची काळी चुरी मैद्याच्या चाळणीने चाळली की 1:87 ला शोभेल असा दाणा मिळतो. पण पश्चिम विदर्भातला हा दगड बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं. धुऊन वाळवल्यावर स्पीकरचं चुंबक चार वेळा फिरवा आणि चिकटेल ते फेकून द्या. नाहीतर तेच कण इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. एक भाग फेविकोल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि सगळं ड्रॉपरने सोडायचं. झाडांसाठी वाळल्या पऱ्हाटीच्या टोकाच्या काड्या घ्याव्यात. कोणत्याही विकतच्या प्लास्टिकच्या झाडापेक्षा बाभूळ त्यातून बरी उभी राहते.

कापूस मात्र दुश्मन. दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असेल तर रुई चाकांच्या आसांना गुंडाळली जाते, इंजिन आधी कुरकुरतं आणि मग थांबतं. आठवड्याला चिमट्याने आस साफ करा. शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच द्या. जास्त तेलाला रुई आणखी चिकटते, आणि खोबरेल थंडीत गोठतं.

जे मिळत नाही ते इथे नाहीच: रेल जॉइनर (दोन रूळ जोडणारे तुकडे), कपलर (डबे एकमेकांना जोडणाऱ्या कड्या), चाकांचे रबरी टायर. यांना जुगाड लागू पडत नाही. तारेचे जॉइनर पहिल्या महिन्यात ढिले होतात, कपलर घरी केले तर दोन डब्यांची उंची जुळत नाही. दहा रुपयांच्या तुकड्यासाठी पन्नास-साठ रुपये कुरिअरला द्यायचे नसतील तर पहिल्याच ऑर्डरमध्ये 24 जॉइनर, कपलरच्या चार जोड्या आणि टायरचा एक जास्तीचा संच टाकून घ्या.

शकुंतलेचे तयार डबे या मापात विकत मिळतील या भरवशावर राहू नका. चाकांचे सांगाडे मागवायचे आणि वरचं अंग सनबोर्डचं करायचं. मापांसाठी नागपूरच्या मोतीबागेतलं 2002 मध्ये उघडलेलं नॅरोगेज संग्रहालय गाठा. जाताना मेजरिंग टेप न्या, खिडकीची रुंदी, पायरीची उंची आणि बफरची रुळापासूनची उंची लिहून आणा आणि प्रत्येक आकडा 87 ने भागा.