मोटर लावायची तर सायकल कोणती घ्यावी : क्रूझर, काळी की एमटीबी?

बडोदं सपाट आहे, त्यामुळे मोटरच्या सायकलचा निम्मा प्रश्न सुटलेलाच असतो. अकोटा–दांडिया बाजार पुलासारखे पूल सोडले तर शहरात चढ म्हणावा असा नाही. २५० वॅट पुरतील का, याची काळजी सोडा. काळजी करायची ती मागचा एक्सल फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो तिची, ब्रेकची आणि बॅटरी कुठे बसणार याची. नवी क्रूझर घ्यायची, घरातली काळी आडव्या दांड्याची सायकल काढायची की जुनी एमटीबी (माउंटन बाईक), हे या तीन गोष्टींवर ठरतं.

पेट्रोलचा विचार असेल तर तो आधी निकालात काढा. सायकलवर बसणारं टू-स्ट्रोक किट ‘८० सीसी’ म्हणून विकलं जातं. बोअर ४७ मिमी आणि स्ट्रोक ३८ मिमी धरला तर ते भरतं ६६ सीसी. मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच. म्हणजे हे किट बसवलं की सायकल मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, विमा, लायसन्स सगळं मागे लागतं. विजेच्या बाबतीत नियम सायकलवाल्याच्या बाजूचा आहे. मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी, ताशी २५ किमी वेगाला मोटरची मदत बंद व्हायला हवी, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हे तपासणी संस्थेने पडताळलेलं असावं अशीही अट आहे, म्हणून किट घेताना प्रमाणपत्र मागा. पुढचं सगळं विजेच्या किटबद्दल आहे.

क्रूझरचं आकर्षण खरं आहे. लांब व्हीलबेस, रुंद हँडल, २६×२.१२५ चे जाड टायर. खड्ड्यांचा मार मनगटाला बसत नाही आणि २५ च्या वेगाला सायकल रेषेत चालते. पण अडचण मागच्या चाकात आहे. बऱ्याच क्रूझरना पेडल उलटं दाबून लागणारा कोस्टर ब्रेक असतो आणि तो हबच्या आतच असतो. मागे हब मोटर (चाकाच्या मध्यभागी हबच्या जागी बसणारी) बसवली की तो हब निघतो आणि त्याच्याबरोबर सायकलचा एकमेव ब्रेकही. शिवाय कोस्टर हबसाठी फ्रेमच्या दोन खाचांमधलं अंतर ११० मिमी असतं आणि मागच्या हब मोटरला १३५ मिमी लागतं. स्टीलची फ्रेम असेल तर चांगला कारागीर प्रत्येक बाजू साडेबारा मिमी फाकवून खाचा पुन्हा समांतर करून देतो. हे समांतर करणं राहिलं तर एक्सल वाकडा बसतो आणि नट कितीही आवळले तरी ढिले होत राहतात. ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र कधीही फाकवू नका. ती आज तुटणार नाही, सहा महिन्यांनी रस्त्यात तुटेल.

म्हणून कोस्टरवाल्या क्रूझरला मोटर पुढे लावावी. पुढच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) १०० मिमी अंतर असतं आणि पुढची मोटर त्याच मापाची मिळते. मात्र चिमटा साध्या स्टीलचा हवा. सस्पेन्शन चिमट्याच्या खालच्या खाचा ओतीव ॲल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या असतात. मोटरच्या पिळाने त्या न वाकता एकदम तडकतात आणि चाक सुटतं. आणखी एक गोष्ट दुकानातच बघून घ्या, चिमट्यावर व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या लांब हातांच्या ब्रेकचे) खुंट आहेत का. साधा कॅलिपर ब्रेक २.१२५ च्या टायरवरून रिमपर्यंत पोचतच नाही. नुसत्या मागच्या ब्रेकवर २५ च्या वेगातून थांबायला पुढच्या ब्रेकच्या मानाने साधारण दुप्पट अंतर लागतं. रावपुऱ्याच्या गर्दीत हे परवडणारं नाही. खुंट नसलेली, डिस्कची सोय नसलेली क्रूझर कितीही देखणी असली तरी मोटरसाठी घेऊ नये.

काळी सायकल दणकट असते. तिच्या कॅरिअरवर चार किलोची बॅटरी ठेवली तरी ती हलत नाही. पण तिची मापं वेगळी पडतात. रिम २८×१½, म्हणजे ६३५ मिमीचं. पुढे ३२ आणि मागे ४० भोकं. हब मोटरला मात्र ३६ भोकं. त्यामुळे जुनं रिम वापरता येत नाही आणि ३६ भोकांचं ६३५ सहज मिळत नाही. ७०० सीचं रिम घातलं तर ते ६२२ मिमीचं असतं. त्रिज्येत साडेसहा मिमीचा फरक पडतो आणि रॉड ब्रेकचे गुटके जागेवर बसत नाहीत. हे ब्रेक रिमला आतून पकडणारे असतात, बाजू सपाट असलेल्या आधुनिक रिमवर ते कामच करत नाहीत. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हरही रॉड ब्रेकला जुळत नाहीत. एवढं सगळं बदलायचं तर जुन्या सायकलीतलं उरतं ते फ्रेम आणि कॅरिअर. आजोबांची सायकल म्हणून जीव असेल तर जरूर करा, पण ती स्वस्त पडेल या हिशेबाने करू नका.

एमटीबीत कष्ट सगळ्यात कमी. मागे १३५ मिमी तयार, व्ही-ब्रेक किंवा डिस्क तयार, रिम ५५९ चं आणि ३६ भोकांचं सहज मिळणारं. इथे एक सावधगिरी. ‘२६ इंच’ या शब्दावर टायर किंवा रिम मागवू नका. एमटीबी आणि क्रूझरचं २६ म्हणजे ५५९, तर लेडीज सायकलचं २६×१⅜ म्हणजे ५९०. दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत. टायरच्या बाजूला ५७-५५९ असा आकडा छापलेला असतो, तो वाचा. सस्पेन्शनची एमटीबी असेल तर मोटर मागेच लावायची.

बॅटरीच्या जागेतही एमटीबी पुढे. खालच्या नळीला बाटलीच्या स्टँडचे दोन स्क्रू असतात, त्यांवर लांबट बॅटरी बसते आणि वजन मध्यभागी खाली राहतं. क्रूझरची नळी वाकडी, आतली मोकळी जागा कमी. बॅटरी मग कॅरिअरवर जाते आणि मोटर मागे असेल तर सायकल शेपूट हलवते. क्रूझरला मोटर पुढे आणि बॅटरी मागे ही वाटणी म्हणूनच बरी.

मोटर आत गिअर असलेली घ्या. वजन दोन-तीन किलो, आणि बंद असताना पेडल जड होत नाही. ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर किलोमीटरला ११-१२ वॅट-तास जातात, म्हणजे साधारण ३० किमी. पाय मारत राहिलात तर ४५ पर्यंत. पाच टक्क्यांच्या चढावर १२० किलो एकूण वजन घेऊन २५० वॅट ताशी १२ किमीच्या आसपास नेतात, तेवढ्या वेळात पायांनी साथ द्यावी. पेडल फिरतंय का हे ओळखणाऱ्या सेन्सरची चकती बहुतेक किटमध्ये चौकोनी एक्सलची येते. काही क्रूझरला एकसंध क्रँक (दोन्ही दांडे आणि एक्सल मिळून एकच तुकडा) असतो, तिथे ती बसत नाही. दोन तुकड्यांत उघडणारी चकती मागा.

चाक विणताना आरे १३ गेजचे, आणि एकच क्रॉस, म्हणजे प्रत्येक आरा दुसऱ्या एकाच आऱ्याला ओलांडून जाईल असा. मोटरचा हब मोठा असल्याने तीन क्रॉस घातले तर आरा रिमपाशी तिरपा शिरतो आणि निपलजवळ तुटतो. बहुतेक तुटलेल्या आऱ्यांचं कारण हेच असतं, मोटरची ताकद नव्हे. मोटरच्या एक्सलच्या सपाट बाजू १० मिमीच्या आणि चिमट्याची खाच बहुधा ९ ची. कानशीने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी घासा, तळ खोल करू नका. त्यावर टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू न देणारी पट्टी, हवीच. साधा वॉशर पीळ धरत नाही, आणि एक्सल एकदा फिरला की वायर आतून तुटते. मापाची पट्टी हवी असेल तर मकरपुरा जीआयडीसीत सहा मिमी स्टीलची कापून मिळेल. नट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा, आणि बॅटरीजवळ कंट्रोलरच्या (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीच्या) अँपिअरपेक्षा किंचित मोठा फ्यूज घाला.

बडोद्यातल्या दोन गोष्टी किटच्या कागदावर लिहिलेल्या नसतात. पहिली पाण्याची. पावसात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी भरतं. पाणी एक्सलच्या वर असेल तर त्यात जाऊ नका, कारण वायर जिथे एक्सलमध्ये शिरते तिथून ते आत जातं. वायर एक्सलपाशी येण्याआधी खाली झोल देऊन बांधा, म्हणजे थेंब झोलावरून गळतील. दुसरी मे महिन्याच्या उन्हाची. सेल ४५ अंशांवर असताना चार्ज करणं घातक. उन्हातून आल्यावर तासभर सावलीत ठेवून मग चार्जर लावा. दिवसा सायकल उघड्यावर उभी राहणार असेल तर लिथियम-फॉस्फेटची बॅटरी घ्या. किलोभर जड पडते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जच्या फेऱ्याही कितीतरी अधिक देते.

स्टीलचा चिमटा, व्ही-ब्रेकचे खुंट आणि सरळ खाचा असलेली क्रूझर मिळाली तर बिनधास्त घ्या. या शहराला तिच्यासारखी सायकल नाही. नाही मिळाली तर स्टीलची एमटीबी घेऊन तिला क्रूझरचं रुंद हँडल, लांब केबल आणि रुंद सीट बसवा. नव्वद टक्के सुख तिथेच मिळतं. पहिल्या १०० किमीनंतर चाकाची आउट काढून घ्या, आरे तेव्हाच बसतात. एक्सलचे नट मात्र ५० किमीलाच पुन्हा तपासा.